महाड-पोलादपूरची रोड ट्रिप ठरवताय? मग आधी किल्ले नाही, घाट ठरवा

जून लागला की इन्स्टाग्रामवर एक रील हमखास फिरायला लागते. ढगात बुडालेला घाट, कड्यावरून कोसळणारे धबधबे, ओला काळा रस्ता आणि खाली कॅप्शन, 'स्वित्झर्लंडला कशाला जायचं?' बऱ्याचदा तो घाट वरंधा नाहीतर आंबेनळी असतो. हे दोन्ही घाट कोकणात उतरतात ते रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात, म्हणजे महाड आणि पोलादपूर तालुक्यांत.

आता स्वित्झर्लंडची तुलना तशी चुकीची नाही, फक्त अर्धवट आहे. तिकडे गाडी भाड्याने घेऊन डोंगरात फिरणारा माणूस सगळ्यात आधी काय बघतो? फुर्का पास, ग्रिम्सेल पास उघडे आहेत का ते. हे रस्ते हिवाळ्यात बर्फामुळे कित्येक महिने बंद असतात, त्यामुळे रस्ता उघडा असेल तर पुढचा प्लॅन, नाहीतर दुसरा रस्ता. नॉर्वेतला ट्रोलस्टिगेन हा तर जगातल्या सगळ्यात जास्त फोटो निघणाऱ्या घाटांपैकी एक. २०२४ मध्ये दरडी कोसळू लागल्यावर ऐन पर्यटनाच्या हंगामात तो बंद ठेवला गेला.

आपल्याकडे प्लॅन उलट्या बाजूने होतो. आधी रायगड, प्रतापगड, शिवथरघळ अशी यादी होते, मग हॉटेल बुक होतं आणि रस्ता काय, मॅप दाखवेल तो. महाड-पोलादपूरच्या बाबतीत घोळ होतो तो इथेच.

तर आधी नकाशा डोक्यात बसवू

मुंबई-गोवा महामार्ग या भागातून उत्तर-दक्षिण जातो. पनवेल, पेण, कोलाड, माणगाव, मग महाड आणि तिथून वीसेक किलोमीटरवर पोलादपूर. पोलादपूरच्या पुढे कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा. कशेडीला आता बोगदे झालेत, त्यामुळे जुन्या घाटाची वळणं चुकवता येतात.

या महामार्गाच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. पुणे-सातारा भिंतीच्या वर, महाड-पोलादपूर भिंतीच्या पायाशी. ही भिंत उतरायला या पट्ट्यात तीन मुख्य रस्ते आहेत.

पहिला ताम्हिणी. पुण्याहून मुळशी धरणाच्या बाजूने ताम्हिणी घाट उतरला की माणगाव येतं आणि तिथून महामार्गाने महाड. दुसरा वरंधा. पुण्याहून भोर, नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वरंधा घाट आणि खाली महाड. तिसरा आंबेनळी, ज्याला इंग्रजांच्या काळात फिट्झगेराल्ड घाट म्हणत. वाई, पाचगणी, महाबळेश्वर करून हा घाट उतरला की थेट पोलादपूर.

मुंबईहून महाड साधारण १७० किलोमीटर. पुण्याहून ताम्हिणीने या किंवा वरंध्याने, अंतर १३० किलोमीटरच्या आसपासच पडतं. म्हणून तर मॅप कधी ताम्हिणी दाखवतो, कधी वरंधा. दोन रस्त्यांत त्याच्या हिशोबाने दहा-पंधरा मिनिटांचा फरक असतो. प्रत्यक्षात एक रस्ता त्या दिवशी बंदही असू शकतो.

पाऊस इथे नेमकं काय करतो?

हे कळल्याशिवाय पुढचं प्लॅनिंग करण्यात अर्थ नाही.

महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री नदी पश्चिमेला कोकणात उतरते. पोलादपूर आणि महाडवरून ती बाणकोटच्या खाडीला जाते आणि हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. म्हणजे महाबळेश्वरच्या या बाजूला पडलेला पाऊस काही तासांत महाडच्या दारात हजर. त्यात काळ आणि गांधारी या नद्याही महाडच्या आसपास सावित्रीला मिळतात. आणि नेमकी त्याच वेळी भरती असेल तर खाडीचं पाणी वर चढलेलं असतं, पुराला पुढे सरकायला जागाच राहत नाही. म्हणून महाडमध्ये पाऊस थांबलेला असतानाही पाणी चढू शकतं.

२२ आणि २३ जुलै २०२१ ला हेच झालं. महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या. आंबेनळी घाटात तर रस्ताच ठिकठिकाणी तुटला. त्याआधी २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या महाड तालुक्यातल्या गावांनी हेच भोगलं होतं.

रस्त्यावरच्या दोन घटना तर बहुतेकांना आठवत असतील. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यानचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. पूल नाही हे अंधारात आणि पावसात दिसलंच नाही, आणि दोन एसटी बस आणि एक तवेरा नदीत गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. आज तुम्ही त्याच्यावरून काही सेकंदांत पुढे जाता.

दुसरी घटना २८ जुलै २०१८ ची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. आंबेनळी घाटात दाभिळ टोकाजवळ त्यांची बस दरीत कोसळली. बसमधला एकच जण वाचला.

यातली एकही गोष्ट घाबरवण्यासाठी सांगितलेली नाही. पण तारखा बघा. सगळ्या जुलै-ऑगस्टच्या आहेत आणि आपल्या रीलसुद्धा त्याच महिन्यांच्या आहेत. हा भाग सगळ्यात देखणा दिसतो तो त्याच दिवसांत, जेव्हा त्याचे रस्ते सगळ्यात बेभरवशाचे असतात. ट्रिपचा सगळा हिशोब या एका अडचणीभोवती करायचा आहे.

मग जायचं कधी?

आमचं सरळ मत, पहिल्यांदा जात असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डोंगर अजून हिरवे असतात, ओढ्यांना पाणी असतं आणि घाट बहुतेक पूर्ववत झालेले असतात. मार्चनंतर महाडचा उकाडा काय असतो ते दुपारी रायगड चढणाऱ्याला विचारा.

पावसाळ्यातच जायचं असेल तर प्लॅन वेगळा करा. महामार्गाने महाडपर्यंत या, मुक्काम महाडला ठेवा, आसपासचं बघा आणि महामार्गानेच परत जा. 'एका घाटाने उतरू, दुसऱ्याने चढू' हा गोल प्लॅन पावसाळ्यात करू नका. दोनपैकी एक घाट बंद झाला की अख्खी ट्रिप अडकते. वरंधा घाट तर दर पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाच्या आदेशाने अवजड वाहनांना बंद होतो आणि अतिवृष्टीचा इशारा असेल तर सगळ्याच वाहनांना. रस्ता रुंदीकरणासाठी तो उन्हाळ्यातही बंद राहिलेला आहे, त्यामुळे 'पाऊस नाही म्हणजे वरंधा चालू' असंही समजू नका.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा बघायचा. इथे एक चूक सर्रास होते. लोक फक्त रायगड जिल्ह्याचा अलर्ट बघतात. तुम्ही आंबेनळीने जाणार असाल तर सातारा घाटमाथ्याचा आणि ताम्हिणी-वरंध्याने येणार असाल तर पुणे घाटमाथ्याचा इशाराही बघायला हवा. पाऊस वर पडतो आणि दरड मध्ये कोसळते. रेड अलर्ट असेल तर बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील.

आणि रस्ता चालू आहे का, हे कुणाला विचारायचं? मॅपवर घाट बंद असल्याचं कधी दिसतं, कधी दिसत नाही. सगळ्यात खात्रीचा उपाय जुना आहे. एसटी. महाड, भोर किंवा महाबळेश्वरच्या स्टँडवर फोन करून विचारा, त्या घाटातून आज गाड्या सुटल्यात का? एसटीने फेऱ्या बंद केल्या असतील तर आपणही त्या रस्त्याला लागायचं नाही. रोज त्याच घाटातून ये-जा करणारा ड्रायव्हर जिथे गाडी घालत नाही, तिथे वर्षातून एकदा येणाऱ्याने घालायचं कारण काय?

गर्दीच्या तारखाही लक्षात ठेवा. ६ जूनला आणि तिथीप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगडावर शिवराज्याभिषेक सोहळा असतो. तेव्हा लाखो माणसं येतात आणि खासगी गाड्या गडाच्या बऱ्याच अलीकडे थांबवतात. २० मार्चला चवदार तळ्यावर आणि २५ डिसेंबरला महाडमध्ये देशभरातून लोक येतात. त्या सोहळ्यांसाठीच जायचं असेल तर जरूर जा, पण मग ती रोड ट्रिप नव्हे. गणपतीच्या आधीचे चार दिवस मुंबई-गोवा महामार्गावर काय होतं, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

गाडी कुठली, की एसटी?

स्वतःची किंवा भाड्याची कार असेल तर उत्तमच, कारण इथली बरीच ठिकाणं मुख्य रस्त्यापासून आत आहेत. पेट्रोल, डिझेल महाडला नाहीतर पोलादपूरला भरून घ्या. घाटात शिरताना टाकी अर्ध्याखाली नको. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पोलादपूर ते महाबळेश्वर हा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता जवळपास सगळा चढाचा आहे हे धरून चार्जिंगचा हिशोब करा. सपाटीवरची रेंज इथे कामाला येत नाही. बाईकवाल्यांनी घाट दुपारी तीन-चारच्या आत उरकावा.

मोबाइलची रेंज घाटात आणि आतल्या गावांत जाते-येते. मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा आणि थोडे रोख पैसे जवळ असू द्या.

गाडी नसेल तरी ही ट्रिप होते, फक्त जास्त वेळ हाताशी ठेवायचा. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या बऱ्याच एसटी महाड आणि पोलादपूरवरून जातात. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे चार मैत्रिणींच्या ग्रुपला गाडी भाड्याने घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं वीर स्टेशन महाडला जवळ, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात. माणगाव थोडं लांब असलं तरी पुढे एसटी मिळणं सोपं. महाडहून रायगडाच्या पायथ्याला एसटी आणि मिनिडोअर जातात, मात्र परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे उतरतानाच विचारून ठेवा. आंबेनळीने महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत.

तीन दिवसांत काय बघाल?

दोन दिवसांत रायगड आणि प्रतापगड दोन्ही 'करणारे' लोक आहेत. मग त्यांना दोन्ही गडांची आठवण म्हणजे पार्किंग आणि पायऱ्या. हे दोन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांच्या गटात. एका गडाला एक दिवस द्यायला हरकत नाही.

पहिला दिवस पोहोचण्याचा. मुंबईहून पहाटे निघालात तर माणगावचा ट्रॅफिक लागायच्या आत पुढे निघता येतं. शनिवारी सकाळी आठनंतर इंदापूर-माणगावच्या बाजारपेठेत अडकलात, तर तास कुठे गेला कळत नाही. महाडच्या अलीकडे महामार्गालगत डोंगरात गांधारपालेची बौद्ध लेणी आहेत. रोज हजारो गाड्या खालून जातात आणि फार थोड्या थांबतात. थोडं चढून गेलं की तीसच्या आसपास लेणी आणि समोर नदी, शेतं असा सगळा पट दिसतो. महाड हे जुन्या काळी बंदर आणि व्यापारी मार्गावरचं ठिकाण का होतं, ते इथे उभं राहिलं की आपोआप कळतं.

दुपारी महाड शहरात चवदार तळं. मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये बोले ठराव झाला होता, महाड नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं असल्याचं जाहीर केलं होतं, पण कागदावरचा हक्क पाण्यापर्यंत पोहोचत नव्हता. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावरून पुढे कोर्टात खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो थेट १९३७ मध्ये. इथे घाईने फोटो काढून निघू नका. तळ्याकाठी बसा, क्रांतिस्तंभ बघा.

दुसरा दिवस रायगडाचा. महाडहून २५ किलोमीटरच्या आसपास. वाटेत पाचाडला राजमाता जिजाऊंचा वाडा आणि समाधी आहे, ते आधी बघा, कारण गड उतरल्यावर पायात त्राण राहत नाही आणि पाचाड कायम राहून जातं. १९९६ पासून रोपवे आहे, तो चार-पाच मिनिटांत वर नेतो. पण सुट्टीच्या दिवशी रोपवेची रांग पायऱ्या चढण्याच्या वेळेइतकी मोठी होऊ शकते. घरात वयस्कर माणसं असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी या. तरुण मंडळींनी सकाळी लवकर चढावं आणि हवं तर उतरताना रोपवे घ्यावा. राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वराचं मंदिर, समाधी आणि टकमक टोक बघायला तीन-चार तास लागतातच. आणि पावसाळ्याचं म्हणाल तर जुलै २०२४ मधले व्हिडिओ आठवा, गडाच्या पायऱ्यांवरून अक्षरशः नदी वाहत होती आणि पर्यटक भिंतीला धरून उभे होते. त्यानंतर काही काळ गड पर्यटकांना बंद ठेवावा लागला.

गड चढायचा नसेल तर त्या दिवशी शिवथरघळ घ्या. वरंधा घाटाच्या कुशीतली ही घळ, महाडहून तीसेक किलोमीटर. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला, अशी परंपरा आहे. घळीशेजारीच धबधबा कोसळतो. काळ नदीवरचा वाळण कोंडही याच भागात. देवीचे मासे म्हणून तिथले मासे कुणी धरत नाही, त्यामुळे ते भलेथोरले झालेत. महाडजवळ सव गावी गरम पाण्याचे झरे आहेत, थंडीत जात असाल तर बघा.

तिसरा दिवस पोलादपूरचा, आणि आमच्या मते या ट्रिपचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. पोलादपूर म्हणजे बहुतेकांसाठी चहाचा स्टॉप. पण शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी इथे आहे. आतल्या रस्त्याला उमरठ गावी तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. सिंहगडावर लढले त्या तानाजींचा देह इथे, या डोंगरातल्या गावी आणला गेला. तान्हाजी सिनेमा बघून सिंहगडावर गेलेले हजारो असतील, उमरठला पोहोचलेले त्यामानाने फारच कमी. रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली तर गाडी मागे घ्यायची तयारी ठेवा.

उमरठहून मागे येऊन आंबेनळी घाट. चाळीसेक किलोमीटरला दीड तास धरा, थांबलात तर जास्त. घाट चढून गेल्यावर वाडा कुंभरोशीपाशी प्रतापगडाचा फाटा लागतो. इथून खाली जे जंगल दिसतं ते जावळीचं खोरं. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाला इथेच का ओढून आणलं, हे पुस्तक वाचून जेवढं कळतं त्याहून जास्त हा घाट चढून आल्यावर कळतं. मोठं सैन्य, तोफा, हत्ती हे सगळं या वाटांवर अडचणच होतं. गाडी गडाच्या बरीच जवळ जाते, चढाई रायगडाच्या मानाने कमी.

जेवणाचं एक सांगायचं राहिलं. महामार्ग सोडून आत गेलात की हॉटेलं कमी होतात. पाचाड किंवा शिवथरच्या बाजूला घरगुती जेवण चांगलं मिळतं, पण ते सांगून ठेवावं लागतं. सकाळी जाताना 'आम्ही सहा जण, दोनला येऊ' म्हणून सांगायचं. मग तांदळाची गरम भाकरी, पिठलं किंवा कोंबडीचा रस्सा तयार असतो. न सांगता दोन वाजता उभे राहिलात तर बिस्किटांवर भागवावं लागेल. वरंधा घाटात वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या असतात, घाट चालू असेल तर तिथे थांबायलाच हवं.

घाटात गाडी घालताना

चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. उतरताना गाडी न्यूट्रल करून 'पेट्रोल वाचवणं' तर अजिबात नको. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा आणि धुकं असेल तर हेडलाइट खाली ठेवा, हाय बीमने समोर पांढरी भिंत तयार होते.

धबधब्यासाठी वळणावर गाडी लावू नका. वरून दगड येण्याची जागा बहुतेक तीच असते, आणि मागून येणाऱ्या अॅम्ब्युलन्सला तिथेच अडकावं लागतं. हा रस्ता आपल्यासाठी व्ह्यू पॉइंट असला तरी घाटातल्या वाड्यांसाठी दवाखान्याचा, शाळेचा आणि बाजाराचा एकमेव रस्ता आहे. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतात, ते असतील तर खाली उतरू नका. जुलै २०२४ मध्ये शेजारच्या माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ करताना एक तरुणी दरीत कोसळून मृत्युमुखी पडली.

परतीचं शेवटचं. प्रतापगड बघून मुंबईला जायचं असेल तर पुन्हा आंबेनळी उतरून महामार्ग धरण्यापेक्षा महाबळेश्वर, वाई, पुणे असं निघा. अंतर जास्त पडतं, पण अंधारात घाट उतरावा लागत नाही. रविवारी संध्याकाळी पाचगणी-वाई रस्त्यावर मुंबई-पुण्याला परतणारी गर्दी असते, म्हणून प्रतापगडावरून दुपारी दोनच्या आत खाली या. किंवा सोमवारची सुट्टी टाका.